गोधडी भिंतीवर लावताना

आजीच्या हातची गोधडी आज पुष्कळ घरांत माळ्यावर नाहीतर दिवाणाच्या पोटात बांधून ठेवलेली असते. पांघरायला ती जड वाटते, टाकून द्यायला मन होत नाही, आणि मग वर्षानुवर्षं तिची घडीही मोडली जात नाही. आईची पैठणी, पणजीनं भरलेला रुमाल, बाळाची कुंची यांचंही तेच होतं. ही सगळी वस्त्रं पाहण्यासारखी आहेत. जुन्या लुगड्यांतले तुकडे निवडून, रंग शेजारीशेजारी बसवून, त्यावर धावदोऱ्याच्या शेकडो ओळी घालणाऱ्या बाईला रचनेची जाण होती. गोधडी अंथरुणावर असताना ती रचना अर्धीच दिसते. उभी केली की पूर्ण दिसते.

१९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या अमेरिकन गोधड्या आधुनिक चित्रांसारख्या भिंतींवर मांडल्या गेल्या. घरातल्या बायकांच्या या कामाकडे कला म्हणून बघायला त्या प्रदर्शनानं मोठा जोर दिला. आपल्या घरातली गोधडीही त्याच मानाची आहे, आणि तिला भिंतीवर जागा द्यायला काही संग्रहालय लागत नाही. थोडी तयारी लागते.

ती तयारी नेमकी कशासाठी, हे आधी पाहू. भिंतीवरच्या कापडाचे शत्रू तीन: स्वतःचंच वजन, उजेड आणि दमट हवा. म्हणून तीन नियम पक्के धरावेत. वस्त्राचा भार त्याच्या सगळ्या रुंदीवर सारखा वाटला गेला पाहिजे. जे काही शिवाल किंवा जोडाल ते मूळ कापडाला इजा न होता पुन्हा काढता आलं पाहिजे. आणि कुठलंही वस्त्र बारा महिने भिंतीवर राहता कामा नये. पुढच्या सगळ्या पद्धती या तीन नियमांतूनच निघतात.

आधी वस्त्र तपासा

स्वच्छ चादरीवर गोधडी सपाट पसरा. हात धुऊन कोरडे करा, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा. मग चारही कडा, कोपरे आणि जुन्या घडीच्या रेषा बारकाईनं पाहा. कापड सगळ्यात आधी तिथेच विरतं. धावदोरा कुठे तुटला आहे, वरच्या थराचं लुगडं कुठे फाटलं आहे, आतला थर कुठे गोळा झाला आहे हे बघा. गोधडीचं एक बळ असं, की तिचा वरचा थर जीर्ण झाला तरी आतले चार-पाच पदर भार पेलू शकतात. मात्र त्यांना बांधून ठेवणारा धावदोरा शाबूत हवा. टाके तुटले असतील तर टांगण्याआधी त्याच ओळीत, त्याच अंतरानं सुती दोऱ्यानं पुन्हा घाला. जुना दोरा ओढून काढू नका.

विरलेल्या जागेवर ठिगळ लावून जुनं कापड झाकण्याची घाई नको. बारीक, पारदर्शक सुती किंवा रेशमी जाळी त्या जागेवर ठेवून कडेनं हलके टाके घातले, तर खालचं मूळ कापड दिसतंही आणि सांभाळलंही जातं.

धुवायचं का? भक्कम सुती गोधडी धुता येते, पण आधी रंगाची परीक्षा घ्या. पांढऱ्या ओल्या कापसाचा बोळा प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून ठेवा. बोळ्याला रंग लागला तर पाण्याचा नाद सोडा. जुना लाल आणि जांभळा यांची खात्री नसते. रेशीम, जर आणि जुनं भरतकाम घरी धुऊच नये. तिथे कोरडी सफाई पुरते: नायलॉनच्या मच्छरदाणीचा तुकडा कापडावर पसरून, त्यावरून व्हॅक्युम क्लीनर सगळ्यात कमी जोरावर फिरवा. जाळीमुळे दोरे ओढले जात नाहीत आणि धूळ निघते.

आणि खळ घालू नका. कांजी-खळीचं कापड कडक आणि नीटस दिसतं, पण कसरीला खळ फार आवडते.

कापड हातात घेतल्यावर त्याचा भुगा होत असेल, घडीवर रेशीम चिरत असेल, तर ते वस्त्र टांगू नये. अशा वेळी जाणकाराचा सल्ला घ्यावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कलासंवर्धन केंद्र आहे, इंटॅक या संस्थेचीही अशी केंद्रं देशात आहेत. तिथे जुन्या वस्त्रांचं काम होतं.

कोणती भिंत

पुष्कळ घरांत सोफ्यामागची भिंत मोकळी असते म्हणून सगळं तिथे लागतं. वस्त्रासाठी ती जागा वाईट. बसणाऱ्यांच्या डोक्याचं तेल कापडाला लागतं आणि तो डाग निघत नाही. स्वयंपाकघराच्या दाराजवळ फोडणीचा तेलकट धूर येतो, देवघराच्या वर उदबत्ती आणि समईची काजळी. खिडकीसमोरच्या भिंतीवर ऊन पडतं. एसीचा झोत थेट येईल किंवा कूलरची ओली हवा लागेल अशी जागाही टाळा. थंड देशांत राहणाऱ्या मराठी घरांनी हीटर किंवा शेकोटीच्या वरची भिंत वगळावी. कोरड्या गरम हवेनं तंतू ठिसूळ होतात.

कोकणात आणि मुंबईत पश्चिमेकडची व नैऋत्येकडची बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते. दोन खोल्यांमधली आतली भिंत सर्वांत बरी. तिथे तापमान फार वरखाली होत नाही आणि ओलही कमी येते. तरीही कापड भिंतीला चिकटून नसावं. मागे निदान अर्धा-पाऊण इंच मोकळी जागा ठेवली की हवा खेळती राहते. गोधडी ज्या पट्टीवर टांगाल तिच्या मागे दोन्ही टोकांना लाकडाचा छोटा ठोकळा बसवला तरी ते काम होतं. या फटीत पाली दबा धरून बसतात, तेव्हा आठवड्यातून एकदा मागे डोकावून पाहावं.

वजनाचाही हिशेब करा. गोधडी हातात घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, मग तिच्याशिवाय. दोन्हीतला फरक म्हणजे तिचं वजन. त्याच्या तिप्पट भार सहज पेलतील असे हुक बसवा. विटेच्या भिंतीत ड्रिल करून प्लास्टिकचा प्लग आणि स्क्रू पुरतो. हल्लीच्या इमारतींत हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंती असतात, त्यांना वेगळे प्लग मिळतात. दुकानदाराला भिंतीचा प्रकार सांगून घ्यावेत. जिप्समच्या पार्टिशनवर मात्र आतल्या धातूच्या पट्टीतच स्क्रू बसला पाहिजे. मातीच्या भिंतींच्या जुन्या वाड्यात भिंतीला भोकं पाडण्यापेक्षा तुळईवरून दोर सोडून दांडी टांगणं योग्य.

नेफा: गोधडीसाठी सर्वांत भरवशाची पद्धत

परकराला नाडी घालायला नेफा असतो, तसाच कापडी नेफा गोधडीच्या मागच्या बाजूला वरच्या कडेशी शिवायचा आणि त्यातून पट्टी घालून ती टांगायची. भार एका टोकावर न येता सगळ्या रुंदीवर जातो, समोरून काहीच दिसत नाही, आणि उद्या टाके उसवले की गोधडी पूर्वीसारखी.

समजा तुमची गोधडी ५४ इंच रुंद आहे. पट्टी ५३ इंचांची घ्या, म्हणजे ती दोन्हीकडून दिसणार नाही. नेफा ५० इंचांचा ठेवा, म्हणजे पट्टीची दोन्ही टोकं दीड-दीड इंच मोकळी राहतील आणि तिथे टांगण्यासाठी भोकं पाडता येतील.

मांजरपाट घ्या आणि आधी गरम पाण्यात धुऊन त्यातली खळ काढून टाका. ५२ इंच लांब आणि ९ इंच रुंद पट्टा कापा. दोन्ही आखूड टोकं अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून टीप मारा. लांबी ५० इंच होईल. आता पट्टा लांबीत दुमडून, अर्धा इंच सोडून लांब कडेला टीप मारा. सपाट केल्यावर ४ इंच रुंदीचा नळकांड्यासारखा नेफा तयार होतो. शिवण गोधडीच्या बाजूला येईल असा तो ठेवा.

गोधडीच्या वरच्या कडेपासून १ इंच खाली, मधोमध, टाचण्या लावून नेफा बसवा. वरची कड हातानं शिवा. सुई मागच्या दोन-तीन थरांतून जावी, समोरच्या थरात उतरू नये. गोधडी दोन्ही बाजूंनी देखणी असेल तर टाका धावदोऱ्याच्या जुन्या ओळीतच घाला, तो नजरेला येत नाही.

खालची कड शिवण्याआधी एक गोष्ट करावी लागते. नेफ्याची खालची कड अर्धा इंच वर सरकवा आणि मग शिवा. त्यामुळे नेफ्याचा बाहेरचा पदर थोडा सैल, फुगीर राहतो आणि पट्टीची जाडी भिंतीकडे जाते. नेफा ताठ शिवला तर गोधडीच्या पुढच्या बाजूला पट्टीचा उंचवटा दिसतो आणि त्या रेषेवर कापडाला कायमचा ताण बसतो. नेफ्याची दोन्ही तोंडंही आतल्या पदरापुरती गोधडीला शिवून टाका, म्हणजे पट्टी घालताना ती चुकून नेफा आणि गोधडीच्या मधे घुसणार नाही.

पट्टी चपटी हवी, गोल दांडी नको. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी अ‍ॅल्युमिनियमची २ इंच रुंद पट्टी सर्वांत सोयीची: तिला वाळवी लागत नाही आणि ती कापडाला काही सोडत नाही. लाकूडच वापरायचं तर एक धोका ध्यानात घ्या. लाकडातून आम्लयुक्त बाष्प सुटतं आणि त्यानं कापड पिवळं, तपकिरी पडतं. सागवानी पट्टीला पॉलियुरेथेन व्हार्निशचे दोन हात द्या, वास पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन आठवडे वाळू द्या, मग तिच्यावर स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियमचा कागद गुंडाळून वरून धुतलेलं सुती कापड शिवा.

गोधडी ६ फुटांहून रुंद असेल तर नेफा दोन तुकड्यांत शिवून मधे चार इंचांची फट ठेवा आणि तिथे तिसरा हुक द्या, नाहीतर पट्टी मधे वाकते. पट्टी पाणसळ लावून सरळ बसवा. जरा तिरकी झाली तरी एका कोपऱ्यावर भार येतो. खालची कड आत वळत असेल तर तिथे अरुंद नेफा शिवून त्यात हलकी पट्टी घाला. जड वजन लावून ती ताणू नका. महिनाभरानं नेफ्याचे टाके आणि गोधडीची वरची कड पुन्हा तपासा.

वेल्क्रो: कड सरळ नसेल तेव्हा

हातानं शिवलेल्या गोधडीची कड क्वचितच सरळ असते. नेफ्यानं टांगली की ती कुठे ओढली जाते, कुठे लोंबते. अशा वेळी वेल्क्रो उपयोगी, कारण टांगल्यावरही हवा तिथे तो सोडवून पुन्हा बसवता येतो. संग्रहालयांत मोठी वस्त्रं बऱ्याचदा याच पद्धतीनं लावतात.

२ इंच रुंद वेल्क्रोचा मऊ भाग आधी ३ इंच रुंद सुती पट्ट्यावर मशीननं शिवा. मग तो पट्टा गोधडीच्या मागच्या वरच्या कडेला हातानं, तिरप्या आणि एकमेकांवरून जाणाऱ्या टाक्यांनी जोडा. वेल्क्रो थेट गोधडीला शिवू नका. तो कडक असतो आणि त्याला सुईनं भोकं पाडावी लागतात. खरबरीत भाग भिंतीवरच्या लाकडी पट्टीला गंज न धरणाऱ्या स्टेपलनी पक्का करा. मग मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना गोधडी हलक्या हातानं दाबत जा. मागे गोंद असलेला वेल्क्रो मिळतो, तो घेऊ नये. उन्हाळ्यात गोंद पातळ होऊन कापडात उतरतो आणि निघत नाही.

सुती पट्टा असो वा नेफा, दोन्ही मजबूत वस्त्रासाठी आहेत. जीर्ण वस्त्र टांगण्याऐवजी सपाट आधारावर शिवणं चांगलं. ते पुढे पाहू.

पैठणीचा पदर

पैठणी म्हटलं की पदरच दाखवायचा असतो: मोर, मुनिया, असावली, अजिंठ्याचं कमळ. म्हणून कुणी पदर कापून फ्रेम करून घेतात. कृपा करून असं करू नका. कापलेली साडी पुन्हा कधीच साडी होत नाही, आणि जुन्या पैठणीचं मोल तिच्या अखंडपणात आहे.

दुसरा मार्ग आहे. ३-४ इंच व्यासाची मजबूत नळी घ्या. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा कागद आणि वर धुतलेला मांजरपाट गुंडाळा. पदराकडून नव्हे, दुसऱ्या टोकापासून साडी नळीवर गुंडाळत या. थरांमधे पातळ मऊ मलमल ठेवा म्हणजे जर आणि रेशीम एकमेकांवर घासणार नाही. शेवटी फक्त पदर खाली मोकळा सोडा. नळीच्या पोटातून अ‍ॅल्युमिनियमची दांडी घालून ती दोन हुकांवर टांगा. वरच्या गुंडाळीवर मांजरपाटाचा पट्टा झाका, म्हणजे तिथे उजेड लागणार नाही. पदर अंगावर जसा लोंबतो तसाच इथे लोंबतो. ताण्याचे दोरे उभे राहतात आणि वजन त्यांच्यावर येतं. साडी आडवी टांगली तर तेच वजन बाण्यावर जातं आणि पदरातल्या नक्षीच्या जोडांवर ताण पडतो.

जुनी जर म्हणजे रेशमी दोऱ्याभोवती गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि वर सोन्याचा मुलामा. चांदी गंधकानं काळवंडते. रबर, लोकर आणि काही प्रकारचा फोम यांतून गंधक सुटतो. म्हणून रबरबँड, रबरी पॅड, लोकरीचं आसन यांच्याशी जरीचा संबंध येऊ देऊ नका. आणि पैठणी सणासुदीपुरतीच लावा. दिवाळीचा पंधरवडा किंवा घरातलं लग्न एवढा काळ तिला पुरे.

लहान तुकड्यांसाठी चौकट

कशिद्याचा रुमाल, खणाचा तुकडा, जुन्या भरतकामाची पट्टी, कुंची: ही वस्त्रं चौकटीत शोभतात आणि सुरक्षितही राहतात, जर चौकट नीट केली तर. फ्रेमवाले साधारणपणे पुठ्ठ्यावर कापड चिकटवतात, मागे हार्डबोर्ड ठोकतात आणि काच थेट कापडावर दाबतात. छापील चित्राला ते चालतं. कापडाला नाही. त्यामुळे आधीच स्पष्ट सांगावं लागतं, शक्य तर लिहून द्यावं.

सांगायचं ते असं. गोंद, फेविकॉल, दोन्हीकडून चिकटणारी टेप यांतलं काहीही कापडाला लागता कामा नये. मागचा बोर्ड अ‍ॅसिड-फ्री हवा. त्यावर धुतलेलं सुती कापड ताणून बसवायचं आणि वस्त्र त्या कापडाला बारीक सुती किंवा रेशमी दोऱ्यानं टाचायचं: कडेनं सगळीकडे, आणि मोठं असेल तर मधेही काही टाके. सुई दोऱ्यांच्या मधून गेली पाहिजे, दोरा भेदून नव्हे. हे टाचण घरी स्वतः करून मगच वस्त्र फ्रेमला द्यावं, हे उत्तम.

काच आणि वस्त्र यांच्यात पाव इंच अंतर हवं. फ्रेमवाल्याकडे त्यासाठी कडेला बसवायच्या पट्ट्या असतात. अंतर नसेल तर आपल्या हवेत काचेच्या आत दव धरतं, बुरशी येते आणि जर काचेला चिकटते. मोठ्या फ्रेमला अ‍ॅक्रिलिक हलकं पडतं आणि फुटत नाही. पण ते घासलं की त्यात स्थिर वीज येते. सुटे दोरे किंवा चुरा होणारं भरतकाम असेल तर काचच घ्या. अतिनील किरण अडवणारी काच मिळते, तिला थोडे पैसे जास्त पडले तरी ती घ्यावी. कुंचीसारख्या वस्त्राला खोल पेटीची चौकट करून, आत मऊ मलमलीची गुंडाळी ठेवून तिला आकार द्यावा.

थोड्या दिवसांचे उपाय

हलक्या ओढणीसाठी किंवा सुती साडीसाठी चुंबक चालतात. भिंतीवर लोखंडी पट्टी, तिच्यावर सुती कापड, मग वस्त्र आणि वर कापडानं मढवलेले छोटे चुंबक, चार-पाच इंचांवर एक. चुंबक ओढून काढू नका, उचलून काढा. लहान मुलं गिळतील अशा जागी ते नसावेत, आणि घरात कुणाला पेसमेकर असेल तर ही पद्धत वापरूच नये.

चिमट्यांची लाकडी दांडी एखाद्या कार्यक्रमापुरती ठीक. चिमटा आणि कापडात मऊ पट्टी ठेवा आणि चिमटे जवळजवळ लावा. दूरदूर लावले की दोन चिमट्यांमधलं कापड झोळी धरतं. जाड दांडीवरून किंवा लाकडी शिडीवर गोधडी घडी करून टाकणं हा सगळ्यात सोपा प्रकार. त्यात रचना अर्धीच दिसते आणि घडीवर ताण येतो, म्हणून दर महिन्याला घडी बदला.

खिळे, टाचण्या, स्टेपल थेट कापडातून मारणं मात्र कधीच नको. प्रत्येक भोक हळूहळू फाटत जातं.

उजेड

उजेडानं झालेलं नुकसान भरून येत नाही आणि ते साठत जातं. ५० लक्सचा १० तास उजेड आणि ५०० लक्सचा १ तास उजेड यांनी साधारण सारखंच नुकसान होतं. संग्रहालयं जुन्या वस्त्रांसाठी ५० लक्सची मर्यादा पाळतात. अहमदाबादच्या १९४९ साली स्थापन झालेल्या कॅलिको वस्त्रसंग्रहालयाची दालनं मुद्दाम मंद ठेवलेली असतात, ती यासाठीच. आपल्या दिवाणखान्यात खिडकीजवळ दिवसा याच्या कितीतरी पट उजेड असतो. मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपनं नेमका आकडा मिळत नाही, पण कुठली भिंत कमी उजेडाची हे कळतं.

रेशीम उजेडात सर्वांत लवकर झिजतं, सुती त्याहून टिकतं. रंगांमध्ये हळदीचा पिवळा फार लवकर उडतो. नीळ आणि मंजिष्ठा त्या मानानं पक्के. खिडकीला दुहेरी पडदा लावा, दुपारी तो ओढून घ्या. वस्त्रावर दिवा टाकायचाच असेल तर एलईडी लावा. त्यात अतिनील किरण फारच कमी असतात. दिवा दूर ठेवा आणि घरात माणसं असतील तेव्हाच लावा.

मृगाआधी उतरवा, दसऱ्यानंतर लावा

हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी येऊ लागते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ती याहून वरच असते. म्हणून मृगाच्या आधी वस्त्रं उतरवावीत आणि दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाली की पुन्हा लावावीत. यात तिसरा नियमही आपोआप पाळला जातो: वस्त्राला चार महिने उजेडापासून आणि टांगल्या वजनापासून विश्रांती मिळते. घरात दोन-तीन वस्त्रं असतील तर कोरड्या महिन्यांतही ती आलटून पालटून लावा. विदर्भात, मराठवाड्यात ओलीपेक्षा उन्हाळ्याची कोरड जास्त त्रास देते. तिथे रेशीम मार्चमध्येच उतरवलेलं बरं.

उतरवल्यावर गोधडी पुढून-मागून पाहा, धूळ काढा आणि सावलीत, वाऱ्यावर एक दिवस पसरून ठेवा. कडक ऊन दाखवण्याची आपली जुनी पद्धत भक्कम सुती कापडापुरती ठेवा. रंगीत रेशमाला ती मानवत नाही. मग धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा. घडी घालायचीच तर प्रत्येक घडीत मलमलीची गुंडाळी ठेवा, म्हणजे धारदार मोड पडत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल असतं आणि शाईही लागते. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नका. वेखंड, लवंग किंवा सुकलेला कडुनिंब पुरचुंडीत बांधून ट्रंकेच्या कोपऱ्यात ठेवला तर बरं, पण त्यावर विसंबून महिनोन्महिने ट्रंक बंद ठेवू नये.

कसर लागल्याचा संशय आला तर जर नसलेलं सुती वस्त्र जाड पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवता येतं. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर न उघडता तशीच ठेवा, म्हणजे दव पिशवीबाहेरच धरेल.

मागे एक पट्टी शिवा

हे सगळं करताना गोधडीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात बोटभर सुती पट्टी शिवा. तिच्यावर शिवणारीचं नाव, गाव, अंदाजे साल आणि माहीत असेल तर कोणाच्या लुगड्याचा कुठला तुकडा, एवढं दोऱ्यानं भरा किंवा वेगळ्या पट्टीवर पक्क्या शाईनं लिहून, वाळवून, मगच शिवा. समोरून आणि मागून फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी रंग किती उतरला हे ताडून पाहायला ते लागतात. आपल्याकडच्या बहुतेक गोधड्यांवर शिवणारीचं नाव नाही. घरात ज्यांना ते आठवतं अशी माणसं आहेत तोवर विचारून घ्यायला हवं.

सुरुवात कुठून करावी? घरातल्या सर्वांत भक्कम सुती गोधडीपासून. तिचा नेफा एका दुपारचं काम आहे, चुकलं तर उसवता येतं, आणि तिच्यावर हात बसला की नाजूक वस्त्रांना कसं हाताळायचं हे बोटांना कळू लागतं. पैठणी आणि भरतकाम नंतर. यंदाचा पावसाळा संपेपर्यंत मांजरपाट धुऊन, पट्टी कापून, भिंत ठरवून ठेवता येईल, आणि दसऱ्यानंतर पहिली गोधडी भिंतीवर चढेल.